पडद्यावरची नीरा आणि फाटकाबाहेरच्या शांता आपटे

शांता आपटे यांचा चाहता आजही सापडतो. वय पंचविशीच्या आतबाहेर. 'कुंकू' त्याने एखाद्या महोत्सवात किंवा मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेला असतो आणि पुढचे चार दिवस तो भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटतो: १९३७ सालच्या मराठी बोलपटात एक मुलगी लग्न लागल्यावर नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते! हा धागा त्या चाहत्याविषयी आहे. त्याला काय दिसते आणि काय दिसायचे राहून जाते, याविषयी.

त्याचे वेड खोटे नाही. नव्वदीला टेकलेल्या चित्रपटावर विशीतल्या माणसाने असे भाळावे, ही साधी गोष्ट नव्हे. घोटाळा एवढाच की तो भाळलेला असतो नीरेवर आणि समजत असतो की आपण शांता आपटे यांच्यावर भाळलो. नीरा नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीतून आली आणि व्ही. शांताराम यांनी तिला पडद्यावर उभे केले. ती भूमिका वठवणारी स्त्री मात्र कंपनीच्या करारावर काम करणारी कलावंत होती. 'कुंकू'नंतर दोनच वर्षांनी, जुलै १९३९ मध्ये, ती त्याच प्रभात फिल्म कंपनीच्या पुण्यातील फाटकाबाहेर उपोषणाला बसली.

पडद्यावर 'नाही' म्हणणारी स्त्री प्रेक्षकाला प्रिय असते. मालकाला 'नाही' म्हणणारी अडचणीची वाटते. शांता आपटे यांच्या बाबतीत या दोन्ही स्त्रिया एकच होत्या, आणि त्यांच्या चाहत्यांनी गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे त्यांना एकमेकींपासून दूर ठेवले आहे. ही ताटातूट इतिहासाला धरून नाही. कशी, ते त्यांचे चित्रपट क्रमाने पाहिले की कळते.

त्या सोलापूर जिल्ह्यातील दुधनीच्या. गळा उत्तम, गाण्याची तालीम लहानपणापासूनची. भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' (१९३२) या बोलपटात शाहू मोडक कृष्ण झाले आणि शांता आपटे राधा. 'आलम आरा'ने १९३१ साली पडद्याला वाचा दिली होती, 'अयोध्येचा राजा'ने १९३२ साली मराठीला. मूकपटात केवळ दिसणे पुरत असे. आता ज्याला गाता येईल त्यालाच नायकनायिका होता येणार होते. गाणाऱ्या मुलीची किंमत एका वर्षात बदलली, असे म्हणायला हरकत नाही. ती किंमत कोण ठरवणार, हा प्रश्न पुढे यायचाच होता.

'प्रभात'ची स्थापना १९२९ सालची, कोल्हापूरची. १९३३ साली कंपनी पुण्यात आली आणि नव्या स्टुडिओतला पहिला मोठा चित्रपट म्हणजे 'अमृतमंथन' (१९३४). आजचा चाहता तो पाहायला बसतो तेव्हा त्याची थोडी निराशा होते. शांता आपटे यात नायिका नाहीत, नायकाच्या बहिणीचे काम करतात. राणीची भूमिका नलिनी तर्खड यांच्याकडे. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो राजगुरूचा पडदाभर पसरलेला डोळा. हिंदीत चंद्रमोहन यांचा, मराठीत केशवराव दाते यांचा.

मग गाणे सुरू होते आणि चाहता सावरून बसतो. का, ते समजून घेण्यासाठी त्या काळच्या गाण्याची रीत आठवावी लागेल. संगीत नाटकाच्या रंगभूमीवर नट पुढे येई, स्थिर उभा राही आणि पद गाई. वन्स मोअर आला की पुन्हा गाई. प्रसंग तोवर थांबे. सुरुवातीच्या बोलपटांनी हीच रीत जशीच्या तशी उचलली. शिवाय मायक्रोफोनपासून हलण्याची सोय कमी. अशा काळात शांता आपटे गाताना मान वळवतात, डोळे फिरवतात, हाताचा इशारा करतात, एखाद्या शब्दावर हसतात. गाणे त्या बोलल्यासारखे गातात. संगीतकार केशवराव भोळे यांना भावगर्भ, सुटसुटीत गाण्याची ओढ होती. त्यांना हवा तसा गळा आणि चेहरा एकाच ठिकाणी मिळाला.

आजच्या प्रेक्षकाला यात नवे काही वाटत नाही, कारण त्यानंतर सगळेच असे गाऊ लागले. पायंडा पाडणाऱ्याचे हेच दुर्दैव असते.

'अमरज्योती' (१९३६) हा चाहत्याच्या परीक्षेचा चित्रपट. इथे प्रामाणिकपणे कबूल करावे लागते की चित्रपट दुर्गा खोटे यांचा आहे. मुलाचा ताबा आईला मिळणार नाही, असा निवाडा ऐकून सौदामिनी समुद्रावरची लुटारू होते आणि राज्याशीच वैर मांडते. त्या धगीपुढे शांता आपटे यांची राजकन्या नंदिनी नाजूक वाटते. गाणे आले की पारडे थोडे सावरते, इतकेच.

पण या दोन स्त्रिया शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. दुर्गा खोटे सुशिक्षित, मुंबईच्या सुस्थित घरातल्या. 'प्रभात'मध्ये काम करून कलकत्त्यालाही चित्रपट करून आलेल्या. एका स्टुडिओच्या दाव्याला बांधून न घेता काम करणाऱ्या पहिल्या काही अभिनेत्रींत त्यांची गणना होते. बहुतेक कलावंतांना ते शक्य नव्हते. स्टुडिओचा करार म्हणजे ठरलेला मासिक पगार आणि दुसरीकडे काम करण्यास मनाई. कंपनी भूमिका देईल तर काम, न देईल तर बसून राहणे. लोकप्रियता वाढली म्हणून पगार आपोआप वाढत नसे.

आणि मग 'कुंकू'. हिंदीत 'दुनिया न माने'. येथे रेंगाळायलाच हवे.

मामा पैसे घेऊन नीरेचे लग्न लावून देतो. तिला वाटते तरुण नवरा मिळणार. मिळतो तो उतारवयाचा विधुर वकील, काकासाहेब. त्याची मुले तिच्याच वयाची. नीरा रडते, पण रडत बसत नाही. ती या लग्नाला लग्न मानत नाही आणि काकासाहेबांना खोलीत येऊ देत नाही. सावत्र मुलगा लगट करू लागतो तेव्हा ती छडी उचलून त्याला झोडपते. चाहत्यांना हाच प्रसंग सर्वाधिक आवडतो आणि त्याचे तुकडे सर्वत्र फिरत असतात.

परंतु शांता आपटे यांचे खरे काम त्या छडीत नाही. ते त्यांच्या गप्प बसण्यात आहे. 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीताला फाटा दिलेला आहे. घरातले, रस्त्यावरचे, प्रसंगातले आवाज तेवढे ऐकू येतात. त्या काळी हा मोठा धोका होता, कारण भावना कुठली ते सांगायला वाद्ये नाहीत. सगळा भार नटांच्या चेहऱ्यावर. घड्याळाची टिकटिक चालू आहे, केशवराव दात्यांचे काकासाहेब मिशांना कलप लावत आहेत, फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यातून त्यांचेच म्हातारपण त्यांना हसत आहे. आणि नीरा दाराआड नुसती उभी आहे. हट्टी मुलीचा हट्ट आणि अन्याय ओळखलेल्या बाईचा निश्चय यांत फरक असतो. तो फरक या नटीच्या डोळ्यांत चित्रपटभर हळूहळू घडत जातो.

याच चित्रपटात ती लाँगफेलो या अमेरिकन कवीची 'अ साम ऑफ लाइफ' ही कविता इंग्रजीत गाते. पहिल्यांदा पाहणारा चाहता येथे हटकून चमकतो, काहींना हसूही येते. पुण्याच्या वाड्यातली मुलगी आणि इंग्रजी कविता! पण त्या पिढीत शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती येणारी ही कविता होती, आणि नीरेला तिच्या घरातल्या भाषेत 'स्वतःच्या पायावर उभी राहा' असे कुणीच सांगितलेले नव्हते. ते तिला पुस्तकातून उसने आणावे लागले.

काकासाहेबांची विधवा मुलगी चित्रा हीच काय ती तिच्या बाजूची. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे. केंब्रिजला गणित शिकून आलेल्या, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत काम केलेल्या आणि पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य वेचलेल्या परांजपे पडद्यावर समाजसेविकेचे काम करतात तेव्हा त्यांना अभिनय फारसा करावा लागत नाही. (सई परांजपे यांच्या या आई, हे अनेकांना ठाऊक नसते.)

आता इतिहासाचा भाग. जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी प्रेक्षकाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ सालचे. पण शारदा लहान होती, तिच्यासाठी प्रेक्षकाला हळहळ वाटे. नीरेसाठी हळहळून भागत नाही. ती उलटून बोलते.

शारदा आणि नीरा यांच्या मध्ये सारडा कायदा होऊन गेला होता. १९२९ साली मंजूर झालेला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आलेला हा कायदा मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवतो. नवरा-नवरीच्या वयातल्या अंतराविषयी तो काहीही बोलत नाही. म्हणजे नीरेचे लग्न कायद्याने अगदी निर्दोष होते! सुधारणा झाली, कायदा झाला, अभिनंदनाचे ठरावही झाले असतील. आणि तरीही मामाने पैसे मोजून घेतले तर त्याला अडवणारे कुणी नव्हते. 'कुंकू'चा राग या मोकळ्या राहिलेल्या जागेतून येतो.

नीरेच्या पन्नास वर्षे आधी रखमाबाईंनी हाच नकार मुंबईच्या न्यायालयात उच्चारला होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असे सुनावले, आणि त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. प्रकरण १८८८ साली पैशाच्या तडजोडीने मिटले. 'कुंकू' पाहून 'काळाच्या पुढचा चित्रपट' असे लिहिणाऱ्याने रखमाबाई आठवाव्यात. चित्रपट काळाच्या पुढे नव्हता. काळ मागे रेंगाळत होता.

शेवटाविषयी चाहत्यांची तक्रार असते. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते नीरेला मोकळे करतात, आपल्याला वडील मानून योग्य वराशी लग्न कर असे पत्र लिहून ठेवतात आणि तिच्या आयुष्यातून कायमचे निघून जातात. शेवटी पुरुषानेच मोठेपणा दाखवायचा, नीरेचा लढा गेला कुठे, असा आक्षेप तरुण प्रेक्षक घेतो. आक्षेप योग्य आहे. मात्र त्याचे सगळे खापर दिग्दर्शकाच्या माथी मारता येत नाही.

१९३७ साली नीरेसारख्या मुलीला घटस्फोटाची वाटच नव्हती. काही जातींत काडीमोडाची रूढी होती. ब्राह्मणी घरात तीही नाही. मुंबई प्रांतात हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मागता येऊ लागला तो १९४७ साली, देशभर १९५५ साली. विधवेला पुनर्विवाहाची मुभा १८५६ पासून होती. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की काकासाहेबांचे निघून जाणे वेगळे दिसू लागते. त्यांच्या परवानगीला कायद्यात कवडीची किंमत नव्हती. नीरेला मोकळे करणारी एकच गोष्ट कायद्याला मान्य होती, ती म्हणजे नवऱ्याचा मृत्यू. पटकथेला दुसरा दरवाजा सापडला नाही, कारण तो अस्तित्वातच नव्हता.

दुसऱ्याच वर्षी 'गोपाळकृष्ण' (१९३८). दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, राम मराठे बालकृष्ण, शांता आपटे राधा. 'कुंकू'नंतर लगेच हा पाहणाऱ्या चाहत्याला खाली आल्यासारखे वाटते: काल जिने छडी उचलली ती आज गवळण! हा त्याचा उतावळेपणा झाला. कंसाकडे जाणारे दूधलोणी आणि त्याला विरोध करणारे गोकुळ हे चित्र पारतंत्र्यातल्या प्रेक्षकाला नीट कळत होते. शांता आपटेही येथे जितक्या मोकळ्या, खेळकर दिसतात तितक्या क्वचितच दिसल्या. गाणे आणि हालचाल यांचे जे नाते त्यांनी 'अमृतमंथन'मध्ये जोडायला घेतले ते येथे पुरे झाले आहे. अभिनेत्री म्हणून 'कुंकू' मोठा, गायिका-नटी म्हणून 'गोपाळकृष्ण' जास्त सहज. दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल.

'प्रभात'मधला हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. तो का ठरला, हे सांगताना बहुतेक आठवणींचा सूर बदलतो.

करार आणि मोबदला यांवरून कंपनीशी त्यांचे बिनसले. वकिलाची नोटीस, वर्तमानपत्रात निवेदन, मध्यस्थ, हे सगळे मार्ग सोडून त्यांनी स्टुडिओचे फाटक गाठले आणि तेथे उपोषण मांडले. पुण्यात ही बातमी पसरायला वेळ लागला नसेल. ज्या चेहऱ्यासाठी लोक तिकीट काढत तो चेहरा रस्त्यावर, फुकट पाहायला मिळत होता. आणि तो काही मागत होता.

मराठी चित्रपटाविषयीच्या गप्पांत हा प्रसंग बहुधा तिखट किस्सा म्हणून येतो. नटीचा तऱ्हेवाईकपणा, संतापी स्वभाव, प्रसिद्धीची हौस. आजचा चाहता उलट टोकाला जातो. त्याला हे सगळे झकास वाटते. 'काय बाई होती!' म्हणत तो छडीच्या प्रसंगाशेजारी उपोषणाची बातमी ठेवतो आणि दोन्हींना सारखीच दाद देतो. एकाने तिला हट्टी ठरवले, दुसऱ्याने झुंझार. तिने मागितले काय आणि का, हे दोघांनीही विचारले नाही.

त्या वर्षाकडे पाहावे. मार्च १९३९ मध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते. त्याच्या आधी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून मुंबईत मोठा संप घडवला होता. उपोषण आणि संप हे दोन्ही शब्द हवेत होते. तुरुंगातला राजबंदी उपोषण करी, राष्ट्राचा नेता उपोषण करी, गिरणीतला कामगार संप करी. स्टुडिओतल्या नटीने यांतले काही करावे, ही कल्पना कुणाच्या डोक्यात नव्हती, कारण ती कामगार आहे हेच कुणाच्या डोक्यात नव्हते. स्टुडिओ म्हणजे कुटुंब, मालक म्हणजे वडीलधारे, आणि कलावंत म्हणजे घरची मुले, अशी ती भाषा होती. कुटुंबात पगाराची बोलणी होत नाहीत. शांता आपटे यांनी फाटकाबाहेर बसून एवढेच दाखवले की हे कुटुंब नसून कारखाना आहे आणि कारखान्याला फाटक असते.

'प्रभात'ला येथे खलनायक करण्याचे कारण नाही. त्या काळच्या कंपन्यांत शिस्त, कसब आणि वेळेवर पगार या तिन्ही बाबतींत तिचे नाव चांगले होते. 'कुंकू'सारख्या चित्रपटात तिने पैसा घातला हे छोटे धाडस नव्हते. पण चांगल्या मालकाशीही करारावरून भांडण होऊ शकते. घरातल्या अन्यायावर इतका नेमका चित्रपट काढणाऱ्या कंपनीच्या दारात तिचीच नायिका उपाशी बसली, हा विरोधाभास योगायोगाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. समाजसुधारणेचा विषय घराच्या उंबरठ्याशी थांबत असे. कामाच्या जागी तो पोचलेला नव्हता.

उपोषण हा क्षणिक संताप होता असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक पुरावा शिल्लक आहे. १९४० साली शांता आपटे यांनी 'जाऊ मी सिनेमात?' या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. नाव पाहून वाटेल की नटीच्या गोड आठवणी असतील. तसे नाही. चित्रपटात येऊ पाहणाऱ्या मुलींच्या मनातला प्रश्न शीर्षकात घेऊन त्या या धंद्याची उलटतपासणी करतात: पैसा कुणाचा, नफा कुणाचा, राबते कोण, कलावंताचा सौदा कसा होतो. स्वतःच्या सौंदर्याविषयी आणि प्रेमकथांविषयी बोलण्याऐवजी एक लोकप्रिय अभिनेत्री आपल्या धंद्याचे अर्थकारण मांडते.

मराठी अभिनेत्रींच्या आत्मकथनांचा गौरव होतो तेव्हा हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' आणि दुर्गा खोटे यांचे 'मी, दुर्गा खोटे' यांची नावे येतात, आणि ती यायलाच हवीत. पण ती पुस्तके कारकीर्द सरत आल्यावर किंवा संपल्यावर, मागे वळून लिहिलेली. 'जाऊ मी सिनेमात?' हे ऐन भरातल्या नटीने, पुढचे काम कुणाकडून मिळणार हे ठाऊक नसताना लिहिलेले आहे. त्याची जोखीम वेगळी. 'कुंकू'वर पानेच्या पाने लिहिणाऱ्या किती चाहत्यांनी हे पुस्तक शोधले असेल?

या साऱ्यात एक गंमतही होते. १९३९ सालीच 'प्रभात'चा 'माणूस' आला आणि त्यातली मैना गाजली. ती भूमिका शांता हुबळीकर यांची. समाजमाध्यमांवर दोन्ही शांतांची छायाचित्रे, गाणी आणि किस्से यांची सर्रास सरमिसळ होते. चाहतेपण मिरवणाऱ्याने निदान चेहरा तरी ओळखावा.

'प्रभात' सुटल्यावर काय झाले? आजच्या बहुतेक चाहत्यांची यादी येथे संपते, आणि तेही अन्यायाचे आहे. १९४१ साली त्या तमिळ 'सावित्री'त नायिका झाल्या. भाषा येत नव्हती, ती शिकल्या आणि संवाद स्वतः बोलल्या. याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारदाच्या वेषात आहेत. पुरुषभूमिका त्यांनी स्वीकारली ती 'कल्की' नियतकालिक उभे करायला पैसा हवा होता म्हणून. एकाच पडद्यावर दोन थोर गळे, आणि निदान एकीच्या बाबतीत तरी त्यामागचा हिशेब स्पष्ट नोंदलेला. कलावंत पैशासाठी काम करतो हे तमिळ चाहत्याला लाजिरवाणे वाटत नाही. तो ते अभिमानाने सांगतो. मराठी चाहत्याने यातून काही घ्यायला हरकत नव्हती.

पुढे लाहोरच्या पांचोलींचा 'जमीनदार' (१९४२), नूरजहाँ यांच्यासोबत 'दुहाई' (१९४३), भालजींचा 'वाल्मिकी' (१९४६), मराठीत 'भाग्यरेखा' (१९४८). या सगळ्यांत नीरेच्या तोडीचे काम शोधू नये, सापडणार नाही. पटकथा सैल आहेत. करारातून सुटलेल्या कलावंताला काम निवडता येते हे खरे, पण समोर येईल त्यातूनच निवडता येते. 'प्रभात'मध्ये पगार तुटपुंजा वाटला असेल, तरी तिथे शांताराम, भोळे आणि दामले-फत्तेलाल होते. स्वातंत्र्याची ही किंमत शांता आपटे यांनी मोजली आणि ती मोठी होती, हे त्यांच्या चाहत्याने लपवू नये.

त्यांतल्या त्यात मास्टर विनायकांचा 'सुभद्रा' (१९४६) जरूर पाहावा. छोट्या भूमिकेत एक बारीक मुलगी आहे, लता मंगेशकर. शांता आपटे आणि ती एक गाणे मिळून गातात. पडद्यावर स्वतः गाणाऱ्या नटीचे युग आणि पडद्यामागून गाणाऱ्या आवाजाचे युग त्या काही मिनिटांत एकमेकांना ओलांडून जातात. तीन-चार वर्षांत नटीला गाता येण्याची गरज संपली. १९३२ साली ज्या गुणाने शांता आपटे यांना दार उघडून दिले, त्याच गुणाचा भाव १९५० पर्यंत उतरला होता.

त्यांचे निधन २४ फेब्रुवारी १९६४ रोजी झाले. तोवर 'प्रभात'चा स्टुडिओ बंद होऊन त्या आवारात १९६० पासून सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. जुने चित्रपट जतन करणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच उभे राहिले, तेही १९६४ च्या फेब्रुवारीत. 'कुंकू' आज पाहता येतो तो अशा जतनामुळेच. उपोषणाचे चित्रीकरण मात्र कुणी केले नव्हते. 'जाऊ मी सिनेमात?' हे त्यांच्या बाजूचे लेखी म्हणणे, आणि 'कुंकू' पुन्हा पाहण्याआधी वाचावे असे ते आहे.